कर्करोगाचे सोंग घेणारी गाठ

पोटाच्या उजव्या खालच्या भागात हाताला लागणारी, लाकडासारखी कठीण, ढकलली तरी न हलणारी गाठ. चार-सहा महिन्यांत उतरलेले वजन. अधूनमधून येणारा बारीक ताप. सीटी स्कॅनमध्ये आतड्याची जाड झालेली भिंत आणि तिला चिकटलेले आजूबाजूचे भाग. इतके समोर आले की डॉक्टरांच्या मनात पहिला शब्द येतो तो कर्करोगाचा, आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. पण क्वचित असे घडते की आतड्याचा हातभर तुकडा कापून काढला जातो, तो विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पोहोचतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाची एकही पेशी सापडत नाही. सापडतात ती पुवाची लहान लहान तळी, आणि त्या पुवात पिवळसर कण. प्रत्येक कणाच्या कडेने सूर्यबिंबाभोवती किरण काढावेत तशा रेषा. रोग्याला खरी गरज होती ती पेनिसिलिनची.

या रोगाचे नाव ॲक्टिनोमायकोसिस. तो दुर्मिळ आहे, पण त्याच्या बाबतीत होणारी चूक मुळीच दुर्मिळ नाही. पोटातील ॲक्टिनोमायकोसिसचे निदान शस्त्रक्रियेपूर्वी झाले, असे दहापैकी एका रोग्याच्या बाबतीतही म्हणता येत नाही, हे वैद्यकीय ग्रंथ अनेक दशके नोंदवत आले आहेत. आणि ही चूक रोगाच्या नावाहूनही जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकातील युरोपात गाईबैलांच्या जबड्यावर एक कठीण सूज येत असे. ती वाढत जाई, हाड पोखरले जाई, दात हलू लागत, जनावराला चारा चघळता येत नसे आणि अखेर ते दगावे. पशुवैद्य या सुजेला हाडाचा कर्करोग समजत. म्युनिकचे विकृतिशास्त्रज्ञ ओटो बोलिंगर यांनी १८७७ मध्ये अशा गाठींतील पू तपासला आणि त्यात तेच किरणदार कण पाहिले. त्यांनी ते वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल हार्त्झ यांना दाखवले. हार्त्झ यांना ती एक बुरशी वाटली. तिला त्यांनी ॲक्टिनोमायसिस बोव्हिस, म्हणजे गुरांतील ‘किरणकवक’, असे नाव दिले. नाव देखणे होते आणि चुकीचेही. हा जीव बुरशी नसून जीवाणू आहे हे निर्विवाद ठरायला पुढची सुमारे ऐंशी वर्षे जावी लागली, तोवर नाव पक्के झाले होते. मराठीतही ‘किरणकवक रोग’ हा पारिभाषिक शब्द त्या जुन्या गैरसमजुतीची खूण वागवत आहे.

पुढच्याच वर्षी, १८७८ मध्ये, बर्लिनच्या ज्यू रुग्णालयातील तरुण शल्यचिकित्सक जेम्स इस्रायल यांनी माणसांतील अशाच रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या लेखात त्यांनी एक जुनी नोंदही समाविष्ट केली. बर्नहार्ड फॉन लांगेनबेक या नामांकित शल्यचिकित्सकाने १८४५ मध्ये कील येथे एका रोग्याच्या मणक्याच्या पुवात पिवळे कण पाहिले होते, त्यांची चित्रेही काढून ठेवली होती. पण ते काय आहेत हे न उमगल्याने तेहतीस वर्षे ती चित्रे तशीच पडून राहिली. ब्रेस्लाऊचे एमिल पॉनफिक यांनी लवकरच गुरांचा रोग आणि माणसाचा रोग एकच असल्याचे प्रतिपादन केले. तपशिलात ते पूर्ण बरोबर नव्हते, कारण पुढे दोन्हींचे जीवाणू सख्ख्या भावंडांसारख्या पण वेगळ्या प्रजाती निघाले. माणसात आढळणाऱ्या प्रजातीचे नाव आज ॲक्टिनोमायसिस इस्रायली असे आहे. रोगाचे नाव चुकले, पण जीवाणूच्या नावातला मान योग्य माणसाला मिळाला.

या टप्प्यावर कथेचा एक धागा मुंबईला येऊन मिळतो. हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे नाव वैद्यकीय विद्यार्थ्यांनी न ऐकताच पाहिलेले असते. १८५८ मध्ये लंडनला निघालेल्या ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या ग्रंथाची चित्रे त्यांची. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी ते मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शारीरशास्त्र शिकवू लागले आणि पुढे काही वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. दक्षिणेत मदुराईच्या दवाखान्यातील गिल यांनी १८४२ मध्ये नोंदवलेला एक रोग त्यांना मुंबई इलाख्यातही दिसला. अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसाचे पाऊल सुजून बेढब होई, त्यावर अनेक छिद्रे पडत आणि त्यांतून पुवाबरोबर दाणे बाहेर येत, कधी काळे, कधी फिकट. हे दाणे बुरशीचे आहेत असे मानून कार्टर यांनी १८६० मध्ये या रोगाला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले आणि १८७४ मध्ये त्यावर सचित्र ग्रंथ लिहिला. म्युनिकमध्ये किरणकवकाचे बारसे होण्यापूर्वी जवळजवळ दोन दशके पुवातील दाण्यांकडे इतक्या बारकाईने मुंबईत पाहिले जात होते, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात असावी तितकी ठळक नोंदली गेलेली नाही.

कार्टर यांचे अर्धे म्हणणे खरे ठरले. काळे दाणे खरोखरच बुरशीचे होते. फिकट दाण्यांतील जीव मात्र किरणकवकाच्या गोत्रातला निघाला. १८९४ मध्ये व्हँसाँ या फ्रेंच संशोधकाने त्याचे वर्णन केले आणि त्याच्या आजच्या नावात, ॲक्टिनोमदुरा मदुरी, मदुराई दोनदा येते. हा पायाचा रोग आणि आतड्याचा रोग एक नव्हेत. पायाच्या रोगाचा जीव मातीतून काट्याबरोबर आत शिरतो. आतड्याच्या रोगाचा जीव कुठून येतो, या प्रश्नावर मात्र युरोपात मोठे भांडण झाले.

१८९१ मध्ये माक्स वोल्फ आणि इस्रायल यांनी हा जीव प्रयोगशाळेत शुद्ध रूपात वाढवून दाखवला. तो हवेवाचून वाढतो, प्राणवायू त्याला सोसत नाही, असे त्यांना आढळले. सशांना आणि गिनिपिगना तो टोचून त्यांनी रोगासारखे विकारही निर्माण केले. त्याच सुमारास बोस्ट्रेम या दुसऱ्या जर्मन संशोधकाने गवतावर आणि धान्याच्या कुसळांवर, मोकळ्या हवेत वाढणारा एक तसाच दिसणारा जीव शोधला आणि हाच रोगाचे कारण असल्याचे जाहीर केले. त्याचे म्हणणे लोकांना फार पटले. शेतकरी गवताची काडी चघळतो, गुरे चारा खातात. रोगही शेतकऱ्यांना आणि गुरांना होतो. मग आणखी पुरावा कशाला हवा? गवताची काडी तोंडात धरू नये, हा सल्ला त्यामुळे वैद्यकीय पुस्तकांत कित्येक वर्षे टिकून राहिला. पण काडी कधीही न चघळणाऱ्या शहरी माणसांनाही हा रोग होत होता. अखेर १९२५ मध्ये स्वीडनच्या नेसलुंड यांनी दाखवून दिले की रोग निर्माण करणारा जीव मातीत वा गवतावर राहतच नाही. तो राहतो निरोगी माणसाच्या तोंडात, दातांवरच्या कीटणात आणि हिरड्यांच्या कपारींत.

म्हणजे हा शत्रू बाहेरचा नव्हता. जवळपास प्रत्येक माणसाच्या तोंडात आणि अन्नमार्गात तो निमूटपणे असतो. आतड्याचे अस्तर शाबूत असेपर्यंत त्याला आत शिरता येत नाही. अपेंडिक्स फुटले, पोटाची शस्त्रक्रिया झाली, गिळलेल्या माशाच्या काट्याने आतड्याला छिद्र पडले, की त्याला वाट मिळते. जिथे रक्तपुरवठा खुंटला आहे, इतर जंतूंनी प्राणवायू संपवला आहे, अशा जागी तो रुजतो आणि अतिशय सावकाश वाढतो. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी गाठ हाताला लागते. तोवर त्या जुन्या दुखण्याचा आणि या नव्या गाठीचा संबंध रोग्यालाही आठवत नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत. माणसाला होणाऱ्या ॲक्टिनोमायकोसिसपैकी निम्मा जबडा आणि मान यांत होतो, साधारण पाचवा हिस्सा पोटात. पोटातही त्याची आवडती जागा उंडुक, म्हणजे लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथली पिशवी. कारण अपेंडिक्स तिलाच लोंबत असते.

कर्करोगाशी त्याचे साम्य वरवरचे नाही, आणि म्हणूनच या चुकीबद्दल शल्यचिकित्सकांना फार दोष देता येत नाही. बहुतेक जंतुसंसर्ग शरीरातील पडदे आणि कप्पे मानतात. पू एका कप्प्यात साचतो, आजूबाजूचे आवरण त्याला अडवते. ॲक्टिनोमायसिस ही सीमा जुमानत नाही. आतड्याच्या भिंतीतून तो पोटाच्या स्नायूंत, तिथून मूत्राशयात, कधी थेट त्वचेपर्यंत सरळ घुसतो. वाटेत शरीर त्याच्याभोवती दाट, तंतुमय ऊतक विणत राहते, त्यामुळे गाठ लाकडासारखी होते. शेजारच्या अवयवांत घुसखोरी करणारी, घट्ट रुतलेली, हळूहळू वाढणारी गाठ, हे तर कर्करोगाचेच वर्णन. भिंग लावून शोधला तर एखादा फरक सापडतो. कर्करोगात लगतच्या लसीका ग्रंथी बहुधा सुजतात, इथे त्या फारशा सुजत नाहीत. त्वचेवर छिद्र पडून त्यातून पिवळे कण येऊ लागले, तर निदान जवळजवळ हातात येते. त्या कणांना गंधकाचे कण म्हणतात. त्यांत गंधकाचा संबंध फक्त रंगापुरता आहे. पण छिद्र पडेपर्यंत वाट कोण पाहणार?

पोटदुखीच्या निदानावर ज्यांचे पुस्तक शल्यचिकित्सकांच्या अनेक पिढ्यांनी वाचले, त्या ब्रिटिश झॅकरी कोप यांनी १९३८ मध्ये या रोगावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्या काळी पोटातील ॲक्टिनोमायकोसिस झालेल्या माणसाचे भवितव्य वाईटच असे. पोटॅशियम आयोडाइड पाजायचे, क्ष-किरण द्यायचे, जमेल तितके कापून काढायचे. अनेकदा छिद्रे वाहत राहत आणि माणूस झिजून जाई. कर्करोगाचे सोंग त्या वेळी शेवटपर्यंत वठत असे.

आता पुन्हा १८९१ कडे वळायला हवे, कारण त्या वर्षी पॅरिसमध्येही एक महत्त्वाची गोष्ट घडली. आंरी हार्टमान आणि पिये या दोघांनी तिथल्या शारीरशास्त्र मंडळापुढे एक टिपण वाचले. त्याच्या शीर्षकातच सारे आले होते: उंडुकाच्या भागातील कर्करोगाचे सोंग घेणारा क्षय. ज्या कोपऱ्यात ॲक्टिनोमायसिस दडत होता, त्याच कोपऱ्यात क्षयाचा जंतूही भिंत जाड करून गाठ उभी करत होता. हेच हार्टमान पुढे मोठ्या आतड्याच्या खालच्या भागातील कर्करोगावरील शस्त्रक्रियेसाठी प्रसिद्ध झाले आणि ती शस्त्रक्रिया आजही त्यांच्या नावाने होते. कर्करोग म्हणजे काय हे हाताने ओळखणाऱ्या माणसाने कर्करोग नसलेली गाठही ओळखावी, यात योगायोगापेक्षा सवयीचा भाग अधिक असावा. कापून काढलेला प्रत्येक तुकडा उघडून पाहायचा, ही ती सवय.

युरोप-अमेरिकेत क्षय ओसरत गेला तसा हा आतड्याचा क्षयही दुर्मिळ होत गेला. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील, क्षयाचा जंतू न सापडणाऱ्या दाहाचे वर्णन केले. तोच आजचा क्रोन्स रोग. त्यानंतर पाश्चात्त्य डॉक्टर जुन्या क्षयाच्या निदानांकडे संशयाने पाहू लागले; त्यांतले पुष्कळसे क्रोन्सच असावेत, असा त्यांचा ग्रह झाला. भारतात मात्र परिस्थिती उलट होती. इथे क्रोन्स हा अपवाद होता आणि आतड्याचा क्षय रोजचा. १९५६ मध्ये एस. एस. आनंद या भारतीय शल्यचिकित्सकाने इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात भारतातील उंडुकाच्या क्षयावर प्रबंध लिहिला, तोच पन्नास शस्त्रक्रियांच्या आधाराने. प्रत्येकीत मोठ्या आतड्याचा उजवा अर्धा भाग काढलेला. लंडनमधील शल्यचिकित्सकाला जो रोग आयुष्यात एखाद्या वेळी दिसावा, तो इथे एकाच माणसाच्या अनुभवात पन्नास वेळा आला होता. दुर्मिळ हा शब्द नकाशावर कुठे उभे राहून उच्चारला जातो यावर त्याचा अर्थ ठरतो.

पन्नास जणांचे आतडे कापावे लागले, यामागे अज्ञान नव्हते. औषधे नुकतीच हाती येत होती आणि गाठीवर त्यांचा भरवसा धरावा की नाही, हे कुणाला ठाऊक नव्हते. या औषधांच्या इतिहासात एक गमतीचे नाते आहे. क्षयावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये अमेरिकेत सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी मातीतील ज्या जीवापासून वेगळे केले, तो ॲक्टिनोमायसिसचा दूरचा भाऊबंद. एका सोंगाड्याच्या कुळातून दुसऱ्या सोंगाड्यावरचा उतारा निघाला. आणि ज्याला सगळे बुरशी समजत होते, त्या ॲक्टिनोमायसिसवर याच दशकात पेनिसिलिन हमखास लागू पडू लागले. बुरशीवर पेनिसिलिन चालत नाही. स्वतः पेनिसिलिनच बुरशीपासून येते. १९५० च्या दशकात पेशीच्या भिंतीचे रसायन तपासले गेले आणि त्यात बुरशीचे कायटिन नव्हे, तर जीवाणूंच्या भिंतीत असणारी द्रव्ये मिळाली, तेव्हा औषधाने आधीच दिलेला कौल कायम झाला.

भारतात ही औषधे सुरुवातीला आयात होत. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्या वर्षी तिथून पेनिसिलिन बाहेर पडू लागले, नंतर स्ट्रेप्टोमायसिनही. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. तिथे फुप्फुसाच्या क्षयाच्या १९३ रोग्यांपैकी काहींना आरोग्यभवनात आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषधे देऊन पाहण्यात आले. वर्षअखेर दोन्ही गटांचे निकाल जवळपास सारखे आले. स्वच्छ हवा, पौष्टिक आहार, सक्तीची विश्रांती या आरोग्यभवनाच्या देवघराला त्या प्रयोगाने धक्का दिला. आतड्याच्या क्षयाशी त्याचा थेट संबंध नव्हता, पण गोळीवर विश्वास ठेवता येतो हे देशाने तिथे पाहिले.

तरी आतड्यात अडचण उरलीच. औषधाने क्षय बरा होतो, पण बरा होताना आतड्यावर वण पडतो, वण आकसतो आणि अन्नाची वाट अरुंद होते. एकाच रोग्याच्या आतड्यात अशा चार-पाच अरुंद जागा असल्या तर किती कापायचे? सारे काढले तर माणूस अन्न पचवणार कशाने? चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत आर. एन. कटारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक सुटसुटीत वाट काढली आणि १९७७ मध्ये ती प्रसिद्ध केली. अरुंद जागी आतड्याच्या लांबीत छेद घ्यायचा आणि तो आडवा शिवायचा. शिवणीनंतर ती जागा आपोआप रुंद होते, आणि आतड्याचा एक इंचही गमवावा लागत नाही. शिंप्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. काही वर्षांतच ऑक्सफर्डच्या इमॅन्युएल ली यांनी तीच पद्धत क्रोन्सच्या रोग्यांवर वापरली आणि १९८२ मध्ये तिचा अहवाल दिला. आज जगभर क्रोन्सच्या शस्त्रक्रियांत ती नेहमीची झाली आहे. तिचा जन्म क्षयाच्या आतड्यावर, चंडीगडमध्ये झाला, हे मात्र ती करणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते.

१९८८ मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. क्षयाने आतडे अरुंद होऊन अडथळ्याची लक्षणे दिसणाऱ्या रोग्यांना त्यांनी शस्त्रक्रियेऐवजी आधी औषधेच दिली. बहुतेकांचा अडथळा औषधांनीच दूर झाला. सुरी फार थोड्यांना लागली. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने देशातील अनेक केंद्रांत १९७ रोग्यांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. पोटाच्या क्षयासाठी सहा महिन्यांचा औषधोपचार नऊ महिन्यांइतकाच परिणामकारक ठरला. तीस वर्षांपूर्वी ज्या गाठीसाठी आतडे गेले असते, ती आता सहा महिन्यांत विरघळू लागली.

इथे या कथेची दुसरी, अधिक कठीण बाजू सुरू होते. औषधावर विश्वास बसला तसा तो कधी कधी अती बसला. ज्या देशात आतड्याचा क्षय सर्रास आहे, तिथे पोटातली गाठ दिसताच पुरावा हाती येण्यापूर्वीच क्षयाची औषधे सुरू करण्याचा मोह होतो. गाठ क्षयाची असेल तर रोगी सुधारतो आणि डॉक्टर खरे ठरतात. पण ती कर्करोगाची असेल, तर औषधांच्या प्रत्येक महिन्यात ती एक महिना पुढे गेलेली असते. काही रोग्यांना भूक लागते, ताप उतरतो, घरच्यांना बरे वाटते, आणि तपासणी लांबणीवर पडते. कर्करोग समजून क्षयाचे आतडे कापणे ही जुनी चूक. क्षय समजून कर्करोगाला गोळ्या देत बसणे ही तिची आरशातली प्रतिमा. पहिल्या चुकीत माणूस आतडे गमावतो आणि जगतो. दुसऱ्या चुकीची किंमत मोजायला पुष्कळदा तो उरत नाही. म्हणूनच, संशय दाट असताना शस्त्रक्रिया करून नंतर पेनिसिलिन देणाऱ्या शल्यचिकित्सकावर घाईचा आरोप करताना जरा थांबावे लागते.

ॲक्टिनोमायकोसिसच्या बाबतीत हा पेच आणखी घट्ट बसतो. आतड्याचा क्षय अस्तरावर व्रण पाडतो. १९७० च्या दशकात वापरात आलेल्या लवचिक दुर्बिणीने आत पाहून त्या व्रणाचा तुकडा घेता येतो. ॲक्टिनोमायसिसची गाठ बहुधा अस्तराखाली, भिंतीच्या आत किंवा भिंतीबाहेर वाढते. दुर्बिणीला दिसते ते गुळगुळीत, निरोगी अस्तर, फार तर बाहेरून दाबल्यासारखे. वरवरचा चिमटा घेतला तर त्यात केवळ सूज येते, आणि अहवालावर ‘अनिर्णीत दाह’ असे लिहिले जाते. पू मिळाला तरी त्यातले कण थोडे आणि विखुरलेले असतात.

याच दशकांत रोगाने आणखी एक वाट शोधली होती. गर्भाशयात बसवण्याची तांबी आणि त्याआधीचा लूप जगभर लाखो स्त्रियांनी वापरला. भारताच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमात लिप्पेस लूप १९६५ पासून आला. १९७६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील प्रबोध गुप्ता आणि सहकाऱ्यांनी अशी साधने वापरणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या लेपांत ॲक्टिनोमायसिस दाखवून दिला. बहुतेक स्त्रियांना त्याचा काहीही त्रास होत नाही आणि त्यासाठी साधन टाळण्याचे कारण नाही. पण एखादीच्या ओटीपोटात, बहुधा साधन अनेक वर्षे तसेच राहून गेले असेल तेव्हा, गाठ वाढते, मोठ्या आतड्याच्या खालच्या वळणाला आवळते, आणि स्कॅनवर ती अंडाशयाच्या किंवा आतड्याच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगासारखी दिसते. अशा वेळी ‘तांबी कधी बसवली होती?’ हा एक प्रश्न महागड्या यंत्रांना जमत नाही ते काम करून जातो.

एकदा निदान झाले की उपचार सरळ आहे, फक्त लांबट आहे. जवळपास आठ दशकांत या जीवाणूने पेनिसिलिनपुढे मान वर केलेली नाही. पहिले दोन ते सहा आठवडे औषध शिरेतून द्यावे लागते, नंतर सहा महिने ते वर्षभर गोळ्या. कारण दाट तंतुमय ऊतकात रक्त कमी पोहोचते आणि रक्ताबरोबर औषधही. मुठीएवढ्या गाठी केवळ औषधाने नाहीशा झाल्याच्या नोंदी आहेत. ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे त्यांनाही औषध चुकत नाही.

हे सारे ज्या एका क्षणावर अवलंबून आहे, तो शस्त्रक्रियागृहात अगदी साध्या रूपात येतो. गाठीचा तुकडा काढला की तो परिचारिकेच्या हातातील बाटलीत टाकला जातो आणि बाटलीत बहुधा फॉर्मॅलिन असते. फॉर्मॅलिनमध्ये पेशींचा आकार टिकतो, म्हणून कर्करोग शोधायला ते उत्तम. जीवाणू मात्र त्यात मरतो, आणि मेलेला जीवाणू कोणत्याही थाळीत वाढत नाही. हवेवाचून वाढणाऱ्या या जीवाला तर तुकडा प्रयोगशाळेत नेतानाही हवेपासून जपावे लागते, आणि थाळीत दिसायला त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात. निम्म्याहून अधिक वेळा तो तरीही वाढत नाही. म्हणून शंका असलेल्या रोग्याच्या टेबलाजवळ दोन बाटल्या ठेवायच्या असतात. एकीत फॉर्मॅलिन, दुसरीत निव्वळ मिठाचे निर्जंतुक पाणी. त्या दुसऱ्या तुकड्यावरून क्षयाच्या जंतूची जनुकीय तपासणीही होते आणि इतर जंतूही वाढवून पाहता येतात. दुसरी बाटली आणा, हे शल्यचिकित्सकाला सुरी हाती घेण्यापूर्वी सांगावे लागते. नंतर आठवले, तर तोवर सगळा तुकडा पहिल्या बाटलीत गेलेला असतो.